‘काम हाच व्यायाम’ म्हणणाऱ्यांना उंदराचं उत्तर

काही मतं इतकी सोयीची असतात की ती तपासायला कुणी बसत नाही. शहाड स्टेशनबाहेर टेम्पोत माल चढवणारा हमाल, उल्हासनगरच्या कॅम्प १ मधून सायकल मारत रेयॉनच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या गाठी उचलणारा पोरगा, अंबरनाथच्या एमआयडीसीत ड्रम ढकलणारा ठेकेदाराचा माणूस, या सगळ्यांकडे बोट दाखवून एक वाक्य ठरल्यासारखं ऐकू येतं: ‘यांना कसली शुगर आणि कसलं बीपी? यांचं काम हाच यांचा व्यायाम.’ मालक ते समाधानाने म्हणतो. डॉक्टर केसपेपरवरून नजर न उचलता म्हणतो. महिन्याचे पैसे भरून जिममध्ये घाम गाळणारा पांढरपेशा ते थोड्या हेव्याने म्हणतो. जणू त्याला विकत घ्यावी लागणारी वस्तू हमालाला फुकट, वर मजुरीसकट मिळते आहे. आणि याहून वाईट म्हणजे खुद्द हमालही ते अभिमानाने म्हणतो.

या मताला त्याच्या सगळ्या ताकदीनिशी उभं करू, म्हणजे नंतर तक्रार नको. ते असं: स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो साखर जाळतो, हृदय जोरात चालतं, चरबी वितळते. ही रसायनं आहेत आणि रसायनांना मालक-मजूर कळत नाही. पन्नास किलोचं पोतं पाठीवर असो की पन्नास किलोचा बार खांद्यावर, मांडीच्या स्नायूला दोन्ही सारखेच. हृदय हजेरीपट वाचत नाही. मग दिवसाला नऊ-दहा तास राबणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची, वेगळ्या विश्रांतीची आणि वेगळ्या तपासणीची चर्चा हवीच कशाला? युक्तिवाद नीटनेटका आहे आणि त्यात विज्ञानाची भाषा आहे. त्यामुळेच तो विज्ञानाच्याच दारात नेऊन उभा करायला हवा. त्यातही अशा दारात, जिथे हा प्रश्न नव्वद वर्षं विचारला जातो आहे आणि उत्तर देणारा साक्षीदार पांढरा उंदीर आहे.

उंदराला व्यायाम करायला लावण्याचे प्रयोगशाळेत तीन प्रमुख मार्ग आहेत. पहिला, पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवायचं. उंदराला वाटलं तर तो धावतो, नाही वाटलं तर नाही. दुसरा, मोटरवर चालणारा पट्टा. वेग माणूस ठरवतो आणि थांबलेल्या उंदराच्या मागच्या बाजूला बहुधा विजेची जाळी असते. तिसरा, पाण्याची टाकी; त्यात उंदराला पोहायला सोडायचं, कधी शेपटीला वजन बांधून, तो थकेपर्यंत. नंतर रक्त काढायचं आणि त्यात काय बदललं ते मोजायचं. (पट्टा, म्हणजे आपली ट्रेडमिल, मुळात व्यायामाचं यंत्र नव्हतीच. विल्यम क्युबिटने १८१८ च्या सुमारास इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचं फिरतं चाक रूढ केलं आणि तिथली ती शिक्षा १८९८ साली बंद झाली. जिमवाल्यांना हे कुणी सांगत नाही.) या प्रयोगांच्या परंपरेच्या मुळाशी हान्स सेल्ये याचं एक छोटं टिपण आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या या संशोधकाने ते १९३६ साली ‘नेचर’मध्ये छापलं. उंदराला थंडीत ठेवा, शस्त्रक्रियेची इजा करा, विषारी औषधं द्या, काहीही करा. शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा येतो, असं त्याने दाखवलं. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगतात, थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. आज आपण ज्याला स्ट्रेस म्हणतो त्याची ही जन्मपत्रिका. आणि इजांच्या त्या यादीत, थंडी आणि विषाच्या शेजारी, सेल्येने आणखी एक गोष्ट लिहिली होती: स्नायूंचे अतोनात श्रम. ज्याला आपण सरसकट औषध समजतो, ते या शास्त्राच्या पहिल्याच पानावर इजांच्या रांगेत उभं आहे.

आता रक्ताकडे या. धावणाऱ्या उंदराच्या रक्तात सर्वांत आधी लॅक्टेट चढतं, कारण स्नायू साखर भराभर फोडू लागतो. यकृत आपला साठा फोडून साखर सोडतं, म्हणून सुरुवातीला रक्तातली साखर वाढूही शकते. श्रम लांबले आणि यकृतातलं ग्लायकोजेन संपलं की ती घसरते. चरबी फुटून मेदाम्लं रक्तात येतात. स्नायूच्या पेशींना ताण बसून त्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि आत राहायला हवीत अशी विकरं बाहेर पडतात: क्रिएटिन कायनेज, एलडीएच, एसजीओटी. प्रथिनं मोडल्याने युरिया वाढतो. आणि या सगळ्यांवर स्वार झालेलं असतं अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून सुटलेलं कॉर्टिकोस्टेरॉन, आपल्या कॉर्टिसोलचं उंदरातलं भावंड. हे संप्रेरक इतकं हळवं आहे की उंदराला नुसतं हातात धरलं तरी ते चढू लागतं. म्हणून मूळ पातळी हवी असेल तर पिंजरा हलवल्यापासून तीनेक मिनिटांच्या आत रक्त घ्यावं लागतं. ‘रसायनांना काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थबकायला हवं. ज्या उंदराने एक पाऊलही टाकलं नाही त्याचं रक्त केवळ कुणाच्या मुठीत सापडल्यामुळे बदलतं. रसायनांना बरंच काही कळतं.

यातली लॅक्टेटची आणि साखरेची बाजू मी प्रतिपक्षाला देऊन टाकतो. पोतं आणि बार यांच्यात मांडीच्या स्नायूला खरोखर फारसा फरक कळत नसेल. पण व्यायामाचा फायदा त्या अर्ध्या तासात तयार होतच नाही. तो नंतर तयार होतो: लॅक्टेट उतरतं, फाटलेले तंतू सांधले जातात, ग्लायकोजेन पुन्हा भरतं, संप्रेरकं जागेवर येतात, आणि या दुरुस्तीत शरीर आधीपेक्षा थोडं जास्त बांधून ठेवतं. दुरुस्तीला वेळ दिलेल्या उंदराला काही आठवड्यांनी तेच अंतर धावताना कमी लॅक्टेट चढतं. दुरुस्ती व्हायच्या आत पुन्हा पट्ट्यावर चढवलेल्याला तो लाभ तसा मिळत नाही. माणसाचंही हेच आहे. सवय नसलेल्या माणसाने एकदा जोरदार वजनं उचलली तर त्याचं एसजीओटी आणि एसजीपीटी आठवडाभर चढलेलं राहू शकतं. जो रोज वजनं उचलतो, त्याचा आठवडा कधी संपतो? गंमत म्हणजे ही दोन्ही विकरं यकृताच्या तपासणीत मोजली जातात, म्हणून अशा माणसाचा रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न येतो, ‘दारू पिता का?’ तो कालच्या रात्री किती पोती उचलून आला हे विचारण्याची पद्धत नाही, कारण काम हा तर व्यायाम ना!

आता मूळ वादाचा मुद्दा. एकाच प्रयोगशाळेत, एकाच संशोधकांच्या हातून, एकाच प्राण्यावर दोन प्रकारचे श्रम तपासले गेले तर काय होतं? अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात मोनिका फ्लेशनर यांच्या गटाने हे केलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी स्प्रेग-डॉली जातीच्या उंदरांना आठ आठवडे पट्ट्यावर सक्तीने धावायला लावलं. शरीराला काही फायदे झाले, हे त्यांनी शीर्षकातच मान्य केलं. पण सोबत अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगल्या, थायमस आक्रसली, रक्तात संप्रेरकाला बांधून ठेवणारं प्रथिन घटलं आणि रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींचा जोर कमी झाला. सेल्येचीच जुनी यादी, चौसष्ट वर्षांनंतर. पुढच्याच वर्षी त्याच गटाने उलटा प्रयोग छापला: पिंजऱ्यातल्या चाकावर स्वतःहून धावणाऱ्या उंदरांना नंतर जबर ताण दिला, तेव्हा बसून राहिलेल्या उंदरांसारखी त्यांची प्रतिकारशक्ती ढासळली नाही. म्हणजे धावणं एका ठिकाणी ताण बनलं आणि दुसऱ्या ठिकाणी ताणाविरुद्धचं कवच. पाय तेच, स्नायू तेच, ‘रसायनं’ तीच.

यावर कुणी म्हणेल की चाकावर धावणं हीसुद्धा पिंजऱ्याची सक्तीच आहे, कंटाळलेल्या जनावराचा चाळा. ही शंकाही तपासून झाली आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या योहाना मायर आणि युरी रॉबर्स यांनी मोकळ्या रानात चाकं ठेवून दिली आणि वाट पाहिली. रानातले छोटे उंदीर आले, चाकावर चढले, धावले, उतरून निघून गेले. त्यांना कुणी पकडलं नव्हतं, आणि धावल्याबद्दल बक्षीसही नव्हतं. हा अभ्यास २०१४ चा आहे. धावण्याची भूक प्राण्याला असते. मारून-मुटकून धावायला लावणं ही ती भूक नव्हे.

‘पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे.’ हे वाक्य आल्याशिवाय हा वाद कधी पूर्ण होत नाही, म्हणून ते आलंच आहे असं धरू. बरोबर आहे. उंदराला पित्ताशय नसतं. त्याला घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता सोडतो आणि अंगाला लाळ फासतो. क जीवनसत्त्व तो स्वतःच बनवतो. त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल ज्याला आपण ‘चांगलं’ म्हणतो त्या एचडीएलवर स्वार असतं, म्हणून कोलेस्टेरॉलच्या बाबतीत त्याचा आकडा उचलून माणसाला चिकटवणारा संशोधक मूर्खच म्हणावा. तो निशाचर आहे, आणि त्याला दिवसाउजेडी धावायला लावून निष्कर्ष काढणाऱ्या प्रयोगांवर संशय घ्यायलाच हवा. पण इथे उंदराला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. सक्तीचे, अखंड श्रम आणि मनाजोगे, थांबत-थांबत केलेले श्रम यांना सस्तन प्राण्याचं शरीर एकच मानतं का? मेंदूपासून अ‍ॅड्रिनलपर्यंतची ही यंत्रणा उंदरात आणि आपल्यात एकाच घडणीची आहे. उंदराचा माणसाशी काय संबंध, असं १८९८ सालीही ऐकवलं गेलं होतं. पॉल-लुई सिमों याने कराचीत, म्हणजे ज्या सिंधमधून पुढे अर्धं उल्हासनगर वसलं त्याच सिंधच्या बंदरात, प्लेग उंदरावरून उंदरावर पिसवा नेतात हे दाखवलं, तेव्हा कित्येक वर्षं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. परळच्या प्रयोगशाळेतून प्लेग कमिशनने पुढे १९०५ नंतर तेच सिद्ध केलं.

शिवाय उंदराचा एक गुण असा आहे की त्यासाठी तो माणसापेक्षा सरस साक्षीदार ठरतो. उंदीर विडी ओढत नाही. त्याच्यावर सावकाराचं कर्ज नसतं, तो दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांत झोपत नाही, पगार झाल्यावर गुत्त्यावर जात नाही. कष्टकरी माणसांचे आजार मोजले की लगेच म्हटलं जातं, ‘ते श्रमांमुळे नाही हो, व्यसनांमुळे, गरिबीमुळे.’ २०१८ साली ब्रिटनच्या क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात पीटर कूनेन आणि सहकाऱ्यांनी १७ अभ्यास एकत्र केले, १,९३,६९६ माणसं. कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनत करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. २०२१ साली आंद्रेआस होल्टरमान यांच्या गटाने कोपनहेगनमधल्या एक लाखावर प्रौढांचा अभ्यास मांडला: फावल्या वेळातली हालचाल वाढली की हृदयविकाराचा धोका कमी, कामावरची वाढली की जास्त. लगेच शंका आली, आणि ती रास्त होती, की यात गरिबी पूर्ण वगळली गेली का? त्याच वर्षी नॉर्वेतला एक मोठा अभ्यास उलट बोलला. शिक्षण, धूम्रपान वगैरे हिशोबात धरल्यावर तिथल्या मेहनती पुरुषांचं आयुष्य कमी भरलं नाही. माणसांची आकडेवारी इथे अडते, कारण हमालाची मजुरी आणि हमालाची विडी एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. पिंजऱ्यात ती सुटी असतात. एकच आहार, एकच वय, एकच वंश, फरक फक्त श्रमाच्या रीतीत. तिथे अ‍ॅड्रिनल फुगलेली दिसली तर दोष कुणाच्या व्यसनावर ढकलणार? आणि नॉर्वेचं उदाहरण देणाऱ्यांना एवढंच विचारावं: नॉर्वेतल्या कामगाराचे कामाचे तास, त्याची सुट्टी, त्याचं आजारपणाचं वेतन उल्हासनगरात आणता का? आणत असाल तर मी हा लेख मागे घेतो.

प्रतिपक्षाचं सर्वांत मोठं अस्त्र मात्र जेरी मॉरिस आहे, आणि ते हाताळलंच पाहिजे. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये या ब्रिटिश डॉक्टरने दाखवलं की लंडनच्या दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा हृदयविकार कमी होतो. ‘काम हाच व्यायाम’चा याहून थेट पुरावा कोणता? तर मॉरिसनेच १९५६ साली त्यात पहिलं छिद्र पाडलं. त्याने दोघांच्या गणवेशांची मापं काढली आणि ड्रायव्हरांच्या विजारी भरती झाल्यापासूनच कमरेला रुंद निघाल्या. लठ्ठ माणसं आधीच सीटवर बसली होती. नंतर त्याने सरकारी कारकुनांकडे मोर्चा वळवला आणि त्यांचा बचाव करणारी गोष्ट म्हणून त्याला सापडला तो फावल्या वेळातला जोरदार व्यायाम. आणि तो कंडक्टर तरी काय करत होता? जिना चढायचा, तिकीट फाडायचा, उभा राहायचा, स्टॉपवर टेकायचा, पुन्हा चढायचा. त्याच्या श्रमात विराम होते. ठेक्यावर, नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाला थांबणं म्हणजे पैसे बुडणं. त्याला लंडनच्या कंडक्टरच्या पंक्तीला बसवणं म्हणजे मोटरच्या पट्ट्यावरच्या उंदराला रानातल्या चाकावर बसवणं होय.

उष्णतेचा हिशोब तर कुणी मांडतच नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली, बॉयलरच्या शेजारी काम करणाऱ्याच्या रक्तात स्नायूंची झीज आणि पाण्याची तूट एकदमच येतात, आणि दोन्ही मूत्रपिंडावर उतरतात. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये ऊसतोड करणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही. तेव्हा कारण शोधण्यासाठी लहान जातीच्या उंदरांना रोज ठरावीक काळ उष्णतेत ठेवण्यात आलं. उष्णतेतच पाणी मिळालेले उंदीर बचावले. ज्यांना पाणी फक्त नंतर, उष्णता संपल्यावर मिळालं त्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली. २०१४ चा हा निष्कर्ष ऊसतोडीच्या महाराष्ट्रात तरी पाठ असायला हवा होता. ‘घरी जाऊन पी की तांब्याभर’ हा मुकादमाचा सल्ला किती महाग पडतो, ते उंदराच्या रक्तात लिहिलेलं आहे. इथे उष्णता तीच आहे. बदलली ती फक्त पाण्याची वेळ.

शेवटची एक शंका प्रामाणिक आहे. सगळा भार ‘मर्जी’वर टाकता येतो का? फ्लेशनर यांच्याच परंपरेतल्या २०१३ च्या एका प्रयोगात सक्तीने फिरवलेल्या चाकावरच्या उंदरांनाही ताणापासून संरक्षण मिळालं. पण ते चाक कसं फिरवलं होतं? उंदीर मोकळेपणी धावतो त्याच लयीत, थोडं धावणं, थोडं थांबणं. म्हणजे सक्ती एक वेळ शरीर पचवतं, विश्रांतीचा अभाव पचवत नाही. माझ्या मताला याने धक्का बसत नाही, त्याला धार येते. कारण मर्जी वाटून देणं कुठल्या सरकारच्या हातात नाही. विश्रांती मात्र आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ती मोजून दिली होती: दिवसाला नऊ तासांची कमाल मर्यादा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास. माथाडी-हमालांसाठी राज्याने १९६९ साली वेगळा कायदा केला. पोत्याचं वजन कमी व्हावं म्हणून हमाल संघटना लढल्या, ते उगीच नाही. ‘काम हाच व्यायाम’ हे वाक्य या प्रत्येक तरतुदीच्या विरोधात साक्ष देतं. काम व्यायाम असेल तर नऊचे बारा तास केले तर बिघडलं कुठे? जास्त व्यायाम!

प्रयोगशाळेतल्या उंदराला असं राबवायचं तर आधी १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम आडवे येतात. संस्थेच्या नीतिसमितीपुढे लेखी अर्ज करावा लागतो: किती प्राणी, किती वेळ, किती वेदना, आणि ती का टाळता येत नाही. त्या समितीत विज्ञानाबाहेरचाही एक माणूस बसतो. एवढी चौकशी उंदरासाठी योग्यच आहे. मग हमालाच्या बाबतीत हेच प्रश्न विचारणं एकदम अवाजवी, उद्योगविरोधी आणि डावं कसं ठरतं?

तेव्हा हे मत पुन्हा कुणी ऐकवलं तर त्याला तीन गोष्टी विचारा. वेग कोण ठरवतं, किती वेळाने थांबता येतं, आणि पाणी केव्हा मिळतं. ही उत्तरं मिळेपर्यंत कुणाच्याही कामाला व्यायाम म्हणू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्याच निर्णयात विश्रांतीची सुट्टी पाच तासांऐवजी सहा तासांनंतर करण्यात आली आहे.